आबांचा घरपोच वाटा

भिकाजी आबांवर अन्याय झाला तो यंदाच्या नारळी पौर्णिमेनंतर, रापणीचं जाळं पहिल्यांदा समुद्रात पडलं त्या सकाळी. भर किनाऱ्यावर, साऱ्या वाडीच्या साक्षीने आणि अतिशय प्रेमाने झाला. म्हणूनच कुणी तक्रार केली नाही. मी करते आहे.

निघताना मात्र माझा आरोपी वेगळाच होता: आबांचा मुंबईतला मुलगा. आबांच्या शेजारणीने, मंदावहिनींनी, म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाला फोन केला होता. म्हातारा अंथरूण सोडत नाही, धड जेवत नाही, कुणी आलं की भिंतीकडे तोंड करतो. दिवाळी झाली की मुलगा गाडी आणून त्याला पनवेलकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. मला एवढं पुरलं. 'आईबापांना टाकणाऱ्यांनो, लाज धरा!' असं पत्रक लिहिलं, छापलं, आणि गठ्ठा घेऊन कुडाळला उतरले.

तिथून मसुऱ्याची एसटी. दोन्ही अंगांना कापणीला आलेलं भात, मध्येच काजूचे डोंगर. एका वळणावर शेजारच्या बाईंच्या पिशवीतली आगळाची (कोकमाचा खारवलेला रस) बाटली आडवी झाली आणि माझी अर्धी पत्रकं लालभडक झाली.

"अगे बाये!" बाईंनी पदराने कागद पुसले आणि वरचा वाचला. "गाळी कोणाक घालतंस गो?"

"आईबापांना टाकणाऱ्यांना."

"घाल, घाल. पण माझो झील (मुलगा) बरो आसा हां. तेका सोड."

मसुऱ्यात मैत्रिणीच्या मावशीकडे, सुलूमावशींकडे, दुपारी थांबले. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. हात धुवायला मागे गेले तर गोठ्यात एक बैल आणि त्याला चिकटून म्हैस. ही कसली जोडी?

"ह्याचो जोडीदार पावसात मेलो," मावशी म्हणाल्या. "तवसून (तेव्हापासून) ह्येणा तोंडच बंद केल्यान. ढोरांचो डॉक्टर इलो, सुई टोचून गेलो. तरी खाणा नाय. मगे शेजारची म्हस हाडून (आणून) बाजूक बांधलंय."

"मग खाल्लं?"

"सोताच्या पुढला नाय खाल्ल्यान! तिच्या पुढला चोरून खाव्क लागलो मेलो!"

मी पोट धरून हसले. मुक्या जनावरालाही सोबत लागते हे आबांच्या मुलाला ऐकवायचं, असं ठरवून रिक्षात बसले.

वाडी आचऱ्याच्या बाजूची. नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत. मंदावहिनी मला थेट आबांकडे घेऊन गेल्या. आबा पडवीत बाजेवर होते, पाठ आमच्याकडे. पायरीवर केळीच्या पानात ताजे बांगडे, आणि त्यांवर मांजर.

"रापणीतलो तेंचो वाटो. रोज येता," मंदावहिनी म्हणाल्या. "रोज मांजर खाता."

मी आधी मुलाला फोन लावला आणि पत्रकातली निम्मी वाक्यं सुनावली. त्याने ऐकून घेतली. "ताई, दोनदा मुंबईला आणलं, दोनदा पळून गेले. सगळ्या तपासण्या केल्या, शरीरात दोष नाही म्हणतात. तिथे एकटे उपाशी मरू देऊ? तुम्हीच सांगा." मी फोन ठेवला आणि पत्रकं पिशवीत कोंबली.

मग आबांपाशी बसले. "मासे का खात नाही, आबा?"

"कोणाचे ते?"

"तुमचेच. तुमचा वाटा."

आबा वळले. "मी दोराक हात लावलंय? मगे वाटो कसलो? भिकाऱ्याक घालतत तसो." आणि पुन्हा भिंत.

बाकीचं वहिनींनी सांगितलं. रापण म्हणजे होडीने समुद्रात गोल सोडलेलं प्रचंड जाळं. त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून सारी वाडी मिळून ओढते. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो पोर असो, म्हातारा असो की परका. आबांचा हात जन्मभर दोरावर होता. गेल्या मोसमात ते लाटेत पडले. म्हणून यंदा पहिल्याच सकाळी गणू तांडेलाने (रापणीचा प्रमुख) सर्वांसमोर जाहीर केलं, "आबानू, आता दमलात. येव नकात. तुमचो वाटो घराक येतलो." लोकांनी मान डोलावली. आबा घरी आले आणि आडवे झाले.

रात्र वहिनींकडे काढून सकाळी मी तरातरा किनाऱ्यावर गेले. गणू तांडेल छातीभर पाण्यातून दोर घेऊन येत होता.

"मला तुमच्याशी बोलायचंय!"

"भाषाण मगे. आदी दोर धर."

धरला. तळहात सोलले. मागून कुणीतरी ओरडलं, "गो, दोर वडतंस की दोराक लटाकतंस?" सगळी रांग हसली. मीही. मग पाय वाळूत रोवले गेले, पुढच्याची पाठ आणि माझी पाठ एकाच वेळी मागे जाऊ लागली. जाळं काठाला लागलं तेव्हा तारली आणि बांगडे उसळत होते, वर घारी फिरत होत्या, आणि गणूने माझ्या ओढणीत बांगडे टाकले. "तुझो वाटो."

मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. आबांकडून नेमकं हेच काढून घेतलं होतं. मासे तेवढे ठेवले होते.

आबा काय म्हणाले ते मी गणूला सांगितलं. तो म्हणाला, "आमी तेंका जपलंव गो."

"जपलंत. म्हणून मरतायत."

त्याने ओल्या दोराचा ढिगारा खांद्यावर घेतला, सरळ आबांच्या खळ्यात (अंगणात) नेऊन आपटला. "आबानू! पोरांनी दोर गुतवल्यानी. उद्या होडी सुटाची नाय. उठतास काय नुसते बघतास?"

आत बाज करकरली. मग पडवीतून, "मेल्यांनू, ओलो दोर असो गुंडाळतत?"

भिंतीला धरून आबा बाहेर आले. खाली बसले. एकेक गाठ सुटू लागली. वहिनींनी चहा ठेवला तो प्यायले, वर "साकार संपली काय गो?" म्हणून टोमणाही मारला.

दुसऱ्या सकाळी ते लाटांपासून दूर, बर्फाच्या खोक्यावर बसून दोराची वेटोळी घालत होते आणि दिसेल त्याला शिव्या देत होते. वाटा हातात आला तेव्हा निरखून पाहिला, एक बांगडा परत टाकला. "येवढा काम मी करूक नाय." उरलेल्याचं तिखलं (मालवणी तिखट कालवण) दुपारी जेवले. थोडंच, पण बसून.

मुलाचा फोन आला. "मागे कोण ओरडतंय?"

"तुमचे वडील. ओरडतायत."

तो म्हणाला, "दिवाळीला येतो. गाडी ठरवत नाही."

परतीला मी पत्रकं कुणालाच वाटली नाहीत. त्यांतला आरोपी चुकीचा होता. आपण म्हाताऱ्यांची साखर मोजतो, रक्तदाब मोजतो, डबा घरपोच पाठवतो. सकाळी उठून त्यांनी कुणासाठी जावं, हे कुणी विचारतो का?

तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलं आहे. "तुम्ही बसा, आम्ही करतो" हे वाक्य आजपासून बंद करा. हे पान मिटा, त्या माणसाकडे जा आणि त्याच्यावाचून खरंच अडेल असं एक काम त्याला सांगा. मग त्याच्या शिव्या मुकाट्याने ऐकून घ्या.