पाचवा कागद

माझ्या फाईलची नाडी तो सोडायचा, डाव्या हाताने आणि दातांनी तिला पुन्हा जाळ्याची गाठ मारायचा आणि म्हणायचा, "बाय, आता मासाबी जायचा नाय, कागदबी नाय."

तहसील कचेरीबाहेर मी टेबल टाकून लोकांचे अर्ज भरते. तो बंदरावरच्या मिरकरवाड्यातला, जाळी विणणारा. गांजाच्या पुड्या विकताना सापडला आणि तीन वर्षं आत गेला. तिथेच झटका येऊन उजवा हात लुळा पडला. एका हाताने जाळं विणता येत नाही. सुटल्यावर उरली ती निराधार योजना.

अर्ज मंजूर व्हायची वाट बघत तो माझ्याच टेबलाशी बसायचा आणि न सांगता रांग लावायचा. म्हाताऱ्यांना दटावायचा, "आजी, आधारकार्ड वर, पानाची चंची खाली." बंदरावरचे त्याला अजून पुडीवाला म्हणत. तो म्हणायचा, "पुड्या संपल्या, गिऱ्हाईक हाक मारतंय."

तुम्हीही कचेऱ्या पाहिल्या असतील. एक कागद कमी पडला की माणूस महिनाभर मागे जातो. म्हणून मी यादी करते आणि तिच्यातलं काही सोडत नाही. त्या तीन वर्षांत रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी झालं होतं. ते का, असं कोणी विचारायला नको, म्हणून तुरुंगातून सुटल्याचा दाखला मी पाचवा कागद म्हणून जोडला. अर्जात शिक्षेबद्दल एकही रकाना नव्हता. तो दाखला कोणी मागितलाच नव्हता.

अर्ज मंजूर करणाऱ्या समितीतल्या एका सदस्याने नेमका तोच वाचला. गांजावाल्याला सरकारने का पोसायचं, असं तो म्हणाला. असा नियम कुठे आहे, मी कारकुनाला विचारलं. नियम नाही, पण शेरा पडलाय, तो म्हणाला. शेरा एका शब्दाचा होता: अपात्र.

चूक माझी, हे मी टेबलाशी परत येऊन त्याला सांगितलं. तो लुळा हात चोळत म्हणाला,

"आत होतो तवा सरकारच पोसत होतं की, बाय. तवा कुनी इचारलं नाय."

पाचवा कागद काढून आम्ही पुन्हा अर्ज केला. माझ्याकडच्या प्रतीला त्याने स्वतः गाठ मारली. गणपतीनंतर तो आला नाही. चौथ्या दिवशी मी मिरकरवाड्यात गेले, तेव्हा कळलं की तापाने गेला.

दुसरा अर्ज अजून समितीपुढे आहे. निकाली काढायला मृत्यूचा दाखला जोडा, असं कारकून दर आठवड्याला सांगतो.

जोडलेला नाही. आता त्यांनीच वाट बघावी.