सबब्रोकरचा मोबाईल आणि आईचा पीपी नंबर

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. सांगलीत गणपती पेठेत शेअर्सच्या एका सबब्रोकरचं ऑफिस होतं, तिथे मी आणि शेजारच्या मालनताई एका दुपारी जाऊन बसलो होतो.

मालनताईंना त्या महिन्याची भिशी लागली होती. त्यातून पिठाची गिरणी घ्यायची, हे त्यांचं कधीपासूनचं ठरलेलं. पण या सबब्रोकरने त्यांच्या डोक्यात एका मोबाईल कंपनीचा शेअर भरवला होता... आणि मी थोडेफार शेअर्स घेते म्हणून त्यांनी मला सोबत आणलं. "तू हो म्हणलीस तरच देणार," असं त्यांनी निघतानाच सांगितलं होतं.

मी मुळात संशयी. दूधवाल्यासमोर दूध मोजून घेणारी बाई! पंधरा दिवस लायब्ररीत बसून मिळेल ते वाचलं होतं. टॉवर, सेल, रेंज... एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलं तरी बोलणं तुटत नाही म्हणे. वाचताना पटायचं, घरी आल्यावर पटायचं नाही.

सबब्रोकरने पट्ट्याला लावलेला हँडसेट काढून टेबलावर ठेवला. त्याने एक नंबर लावून दाखवला, पलीकडून कोणीतरी "हॅलो सर" म्हणालं. तो त्याचाच माणूस असणार, असं मला लगेच वाटलं.

"मी सांगते तो नंबर लावा," मी म्हटलं. साताऱ्याला आईच्या शेजारी, मोरेकाकूंकडे फोन होता. आमचा तो पीपी नंबर.

लागला की हो! मोरेकाकूंचा आवाज अगदी स्वच्छ... "थांब गं, बोलावते आईला," म्हणून त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला. मला खरंच आनंद झाला. वाचलेलं सगळं खरं निघालं होतं.

आई मागच्या अंगणात धुणं धूत असणार. मी निवांत थांबले, पीपीवर थांबायचंच असतं. पण सबब्रोकर खुर्चीत चुळबुळ करायला लागला, घड्याळ बघायला लागला. शेवटी त्याने माझ्या हातातून हँडसेट घेतला आणि बंद केला.

"वहिनी, याचं मीटर फार पळतं... खाली बूथ आहे, तिथून बोला."

सगळा जिल्हा उद्या यावर बोलणार, असं हाच तर सांगत होता. "तुम्ही स्वतः किती शेअर्स घेतलेत?" मी विचारलं. त्याने चहा मागवला.

आम्ही तशाच खाली उतरलो. बूथवरून फोन लावला तर पलीकडे आई धापा टाकत होती. मघाशी तिने येऊन रिसीव्हर उचलला तेव्हा लाईन मेलेली होती... आमच्याकडे अवेळी फोन म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ. "काय झालंय गं? खरं सांग," ती रडायच्या बेतात होती. काही नाही, सहज केला, हे मी तिला तीन-तीनदा सांगितलं.

मालनताई बूथच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ज्या फोनला तुझी आई येस्तवर दम निघत न्हाई, त्यो आपल्याकडं कवा चालायचा गं? ऱ्हाऊ दे. गिरणीच बघू."

पुढे मोबाईल चालला, लय चालला. दर उतरले आणि घराघरांत शिरला. ती कंपनी मात्र त्याआधीच गुंडाळली गेली, शेअरचा नुसता कागद उरला लोकांकडे.

मी तेव्हा फोनवर संशय घेत होते, आणि फोन खरा निघाला. नीट तपासायला हवा होता तो विकणारा. तो तपासला गेला तो आईला यायला वेळ लागला म्हणून... तिला हे मी कितीदा सांगितलं, पण तिला त्या दिवसाचं एकच आठवतं, की माझी पोरगी सुखरूप होती.