टँकरचा निरोप

माझं अक्षर किरटं आहे, लिहिताना चुकाही होतात, त्याची माफी असावी. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या ड्रमचा वास आला की मला पडेगावातला दुष्काळातला एक दिवस आठवतो. ‘अकरा वाजता टँकर येईल’ असा निरोप गल्लीत सगळ्यांच्या मोबाइलवर आला, म्हणून आम्ही बाया कामाला खाडा करून ड्रम घेऊन उभ्या राहिलो. तीन वाजले तरी टँकर आला नाही आणि शेजारची म्हातारी चक्कर येऊन पडली. तेवढ्यात माझी लेक कंपनीतून धावत आली. टँकरच्या सॉफ्टवेअरमधून लोकांना निरोप पाठवायचं प्लगइन, म्हणजे त्याला लावायची जोडणी, तीच करत होती. “आई, चाचणी करताना त्याला निरोप धाडणारा खोटा भाग द्यायचा असतो, म्हणजे बाहेर काही जात नाही. मी खराच दिला गं, अन् नंबर आपल्या गल्लीचे घातले. तो निरोप नुसता चाचणीचा होता, टँकर येणारच नव्हता.” एकीनं ते ऐकलं. “तुझा टँकर मोबाइलातच रिकामा झाला व्हय गं पोरी?” कुणी हसलं नाही. आठवड्यानं म्हातारी गेली. लेकीनं पगारातून एकेकीचा बुडालेला रोज भरून दिला. शेवटचा म्हातारीच्या सुनेचा होता. तिनं पैसे मोजले, “पैशाचं फिटलं सगळं,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी आजही त्या दारावरून न जाता मागच्या बोळानं जाते.