वरच्या पट्टीतले आवाज

महाडच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून मी दुकानात जायची आणि बाबांच्या हाताखाली काम करायची. गिऱ्हाइकाने साठ कप मागितले की मी आठ घेऊन यायची. बाबा कपाळाला हात लावून म्हणायचे, "हिचं शरीर दुकानात आणि मन एसटी डेपोत."

शाळेत तीच तऱ्हा. शुद्धलेखनाला बाईंनी 'सकाळी' सांगितलं की माझ्या वहीत 'अकाळी' उतरायचं. "अकाळी पाऊस पडतो गं, शाळा भरत नाही," बाई म्हणायच्या आणि वर्ग खिदळायचा. बोलतानाही माझा 'स' घसरायचा. शेंडेफळ आहे, लाडाने बोबडं बोलते, असा सगळ्यांनी समज करून घेतला होता. बहिरी म्हणावं तर तेही शक्य नव्हतं. हायवेवरचा ट्रक, पावसाळ्यात फुगलेली सावित्री, मागच्या खोलीतून बाबांनी मारलेली हाक, सगळं मला व्यवस्थित ऐकू यायचं.

सुट्टीत आम्ही मावशीकडे जायचो, पोलादपूरच्या पुढे डोंगरातल्या गावी. दिवेलागणीला अंगणात बसलं की मावशी म्हणायची, "कान किटले गो या रातकिड्यांनी. काय ऐकूच येत नाय." मी मान डोलवायची. माझ्या लेखी अंगण अगदी शांत असायचं. मोठी माणसं 'पोटात कावळे ओरडतात' म्हणतात, तशीच ही एक बोलायची पद्धत असेल, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

नववीत विज्ञानाला नवे सर आले. आवाजाचा धडा शिकवताना त्यांनी कॉलेजातल्या मित्राकडून एक यंत्र मागून आणलं. रेडिओएवढा खोका, पुढे एक मोठी चकती. सर म्हणाले, "चकती फिरवली की आवाज चढत जाईल. डोळे मिटा आणि हात वर करा. ऐकू येईनासं झालं की हात खाली घ्या."

आधी भुंग्यासारखं घुमलं. मग आवाज चढत गेला, बासरीसारखा झाला, बारीक झाला आणि संपला. मी हात खाली घेऊन डोळे उघडले. सगळ्या वर्गाचे हात वर होते! सरांनी यंत्र बंद केलं तरी मुलांना कळलंच नाही, असं वाटून मला हसू आलं. पण सरांची बोटं चकती फिरवतच होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला आता येत नाही." तरी मुलांचे हात वरच. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, असं त्यांनी समजावलं. प्रत्येकाच्या कानाची हद्द वेगळी असते, कुत्र्याची तर आपल्या सगळ्यांच्या पुढे.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. पाठमोरी उभी करून चकती पुन्हा फिरवली, दोनदा. दोन्ही वेळा माझा हात त्याच जागी खाली आला.

"वर्गात बाई बोलतात ते ऐकू येतं?"

"येतं सर. पण शब्द अर्धे पुसलेले येतात. फळ्यावरून डस्टर फिरल्यासारखे."

सरांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "तुझं लक्ष नसतं असं सगळे म्हणतात ना? अगं, तू इतरांच्या दुप्पट लक्ष देत असणार. नाहीतर नववीपर्यंत पोचलीच नसतीस." आजवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले.

संध्याकाळी सर दुकानात आले. बाबांना काही ते पटेना. माझ्या पाठीमागे जाऊन त्यांनी त्यांच्या भारदस्त आवाजात मला हाक मारली. मी वळले. "बघा सर, येतंय की ऐकू."

सरांनी मला पुन्हा तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं. मी समोरच्या फळीवरचे डबे बघत राहिले. काहीच होईना, म्हणून शेवटी मागे वळून पाहिलं. बाबांच्या हातात चमच्यांचा झुबका होता आणि ते तो माझ्या पाठीमागे वाजवत होते. आधी सरांनी वाजवले होते, हे मला नंतर कळलं. मग बाबांनी त्यांच्या हातून घेऊन पुन्हा पुन्हा वाजवून पाहिले. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसत ते म्हणाले, "आणि आम्ही पोरीला नुसते बोलत राहिलो."

पुढच्याच आठवड्यात बाबा मला मुंबईला घेऊन गेले. डॉक्टरांनी कानाची तपासणी करून आलेख काढला. रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि मग एकदम खाली कोसळली होती. "हा तर कशेडी घाटाचा उतार," बाबा म्हणाले, आणि त्या टेन्शनमध्येही आम्ही दोघं हसलो. लहानपणच्या तापाने झालं असेल किंवा त्यावरच्या औषधाने, नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मिळालेलं कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करायचं. भांड्यांच्या दुकानात ते घालून बसणं म्हणजे शिक्षाच. महिनाभरात ते कपाटात गेलं. पण शाळेतलं वागणं बदललं. सरांनी सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलं, मी पहिल्या बाकावर आले. शुद्धलेखनाच्या बाई माझ्यासमोर उभ्या राहून ओठ दिसतील असं सांगू लागल्या. ओठ वाचत मी बारावी झाले, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले.

दोन हजार सालानंतर फक्त वरचे आवाज उचलून देणारी नवी मशीनं आली आहेत असं कळलं. या वेळी मी एकटीच मुंबईला गेले. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी मशीन कानात बसवून चालू केलं. मी ओढणी सावरली आणि दचकले. कापडाला आवाज असतो!

परतीच्या गाडीत मी एका पिशवीचा कागद उगाचच चुरगळत बसले होते. शेजारच्या आजी त्रासून खिडकीकडे वळल्या.

घरी पोचले तर आई ओट्याशी भाजी चिरत होती. "सांग, कसं झालं सगळं?" तिने विचारलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. आईच्या पुढच्या दातांत फट आहे, हे मला माहीत होतं. त्या फटीतून तिचा 'स' बारीक शिट्टी घेऊन बाहेर पडतो, हे मला सव्वीसाव्या वर्षी कळलं.

"आई, तुझा 'स' शिट्टी मारतो!"

ती लाजली. "आत्ता कळलं होय तुला? शाळेत मला शिट्टीवाली म्हणायचे." विळी बाजूला सारत म्हणाली, "वाईट वाटतं का गं ऐकायला?"

"अजिबात नाही. आणखी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. 'स'चं बोल."

"साखर," ती म्हणाली. "सांडशी. सुपारी. सासूबाई." सासूबाईंवर तिची दोनदा शिट्टी वाजली आणि तिलाच हसू आवरेना. बाबा दुकानातून येऊन दारातच चपला काढत होते. "काय चाललंय दोघींचं?" त्यांनी विचारलं.

"बाराखडी शिकवतेय," आई म्हणाली, आणि मला पुढचा शब्द सांगितला, "सोलकढी."