वापर आढळला नाही

"तुमच्या पोरींना मैदान कशाला? चार घरची भांडी घासली की झाला व्यायाम." साहेब म्हणाला अन् जीपच्या बॉनेटवरचा नकाशा गुंडाळाले लागला. बाजूच्या कॉलनीतले लोक हसले. माही मायही हसली. ते मले जास्त लागलं.

अमरावती वाढून राहिली होती. शेतीत काही राहिलं नाही म्हणून मोर्शीकडचे, वरूडकडचे लोक आमच्या वस्तीत येऊन खोल्या बांधत होते. एवढ्या लोकांसाठी मैदानं कुठं ठेवायची, याचा आराखडा महापालिकेत बनत होता. त्यासाठीच साहेब आमची जागा पाहाले आला होता. तिथं आमी पोरी रोज कबड्डी खेळो. चढाईले शमीम, पकडीले मी. दहावीत होती तेव्हा.

आता आमची अक्कल पाहा. मोठा माणूस येणार म्हणून वस्तीनं सकाळपासून जागा झाडली. पांढऱ्या फक्कीच्या रेषा आमीच पायानं पुसल्या. सडा टाकला. साहेबाच्या अंगावर धूळ नको, म्हणून पोरींले घरात बसवलं; मी तेवढी मायच्या मागं येऊन उभी राहिली. पाहुणा आला की आमच्यात हेच करतात. साहेबाले मग काय दिसन? मोकळी जागा!

त्यानं पंचनामा लिहिला. मायले म्हणाला, "इथं अंगठा."

मी कागद ओढून वाचला. 'खेळासाठी वापर आढळला नाही. कॉलनीच्या बागेसाठी योग्य.' माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली.

"हे खोटं हाये. आमी इथं रोज खेळतो."

"ए, तुला कोणी विचारलं?"

माय कानात बोलली, "साहेब हाय तो. दे ना करू मले अंगठा."

"नाही करू देत."

मायचं मनगट मी गच्च धरलं. सोडलं नाही. साहेबानं कॉलनीवाल्यांच्या सह्या घेतल्या अन् गेला.

बाग झाली. फाटक लागलं. आमाले आत जायची मनाई. शमीमचं त्याच वर्षी लग्न लावून दिलं, ती पुन्हा कधी खेळली नाही. तिच्यासारखी चढाई मी अजून पाहिली नाही.

आता मी पोरींले कबड्डी शिकवते, राजापेठेमागच्या एका पडीक जागेवर. सोमवारी तिचीही पाहणी हाये. पोरींचे बाप म्हणतात, "मॅडम, साहेब येईन तेव्हा जरा आवरतं घ्या."

काहून आवरतं घ्यायचं? सोमवारी पोरी खेळत राहतीन. साहेबाले बोलायचं असन, तर तो डाव संपेपर्यंत उभा राहीन.