सलाईनच्या बाटलीतली जास्वंद

रखमाला जाऊन दीड महिना झाला. मला लिवाय येत न्हाय, मी सांगती आन् नात लिवून घेती. आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपारचा डबा घेऊन गेले तवा ती खाटंवर पडली व्हती, हाताला सुई, आन् वर सलाईनची काचंची बाटली टांगलेली. ह्याच दवाखान्यात तिनं उभा जलम आयाचं काम केलं, लोकांचं हागनं-मुतनं काडलं. आन् आता सोता खाटंवर. डब्याकडं बगितलं न्हाय तिनं, बाटलीकडं बोट केलं. "अक्का, ही रिकामी झाली की मागून घ्या. टाकू देऊ नगा."

मी म्हनलं, "शी! आता तरी सोड की गं तुज्या बाटल्या."

ती हसली. "आता तर माजीच हाय की. परक्याची थोडीच हाय?"

मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावा आला... म्हंजे माज्या तोंडातनं तिला शेवटचं काय मिळालं, तर 'शी'.

रखमा माजी धाकटी जाऊ. दोगं भाऊ वैरागकडनं सोलापुरात मिलमदी कामाला आले, त्यांच्या मागं आमी दोगी. तिचा मालक खोकून खोकून गेला. लेकरू न्हाय. तवा ती दवाखान्यात लागली, आन् पयल्याच दिवशी मी घरात कायदा केला. कामावरनं आली की लुगडं भाईर सोडायचं, मागच्या मोरीत आंगूळ करायची, मंगच उंबरा वलांडायचा. चुलीला हात लावायचा न्हाय. तिचा चा प्यायचा कप बी येगळा, मोरीपाशी खिळ्याला टांगलेला. ती कदी उलटून बोलली न्हाय. येकदाच म्हनली, "अक्का, पगाराच्या नोटा बी मोरीत धुवून देऊ का?" दुष्काळाच्या साली ह्यांचं मिलमदलं काम गेलं तवा दीड वर्स आमी सगळी तिच्या पगारावर जेवलो. आन् तिचं ताट उंबऱ्यापाशी. आन् त्या वक्ताला घास गोड लागत व्हता, हे खरं हाय.

दवाखान्यात फेकून दिलेल्या बाटल्या ती घरी आनायची. राखंनं घासायची, उकळत्या पान्यात घालायची, उन्हात पालथ्या ठेवायची. मंग जास्वंदाची काडी घ्यायची, पेनशिलीयेवडी जाड, लई कवळी न्हाय, लई जून न्हाय. खालचं टोक तिरकं कापायची, वरचं सरळ, म्हंजे उलटी-सुलटी वळकू येती. वरच्या टोकाला शेनाची टिकली. खालची पानं काडून टाकायची, न्हायतर पान्यात कुजत्यात. पान्यात कोळशाचा येक खडा, वास येत न्हाय. आन् बाटलीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. "मुळ्यांना उजेड नगं असतो, अक्का," म्हनायची. दोन दिवसाला पानी बदलायची. येक पैका खर्च न्हाय. मोरीच्या भितीवर अशा सात-आट बाटल्या वळीनं उभ्या. मला बगितलं की शिसारी यायची. कुना मेलेल्याच्या रगतात गेलेली बाटली, आन् ही तिच्यात झाड लावती!

पन झाडं लागायची. मुळ्या फुटल्या की डालडाच्या डब्यात माती भरून लावायची आन् आळीत वाटायची. शेजारची कमळाबाई पाच डबं घेऊन गेली. तिच्या घरचा गनपती रखमाच्या जास्वंदावर नटायचा. त्याच कमळाबाईला रखमा येकदा म्हनली, "बसा की, माज्यातला घोटभर चा घ्या." कमळाबाई म्हनली, "नगं गं बाई, आत्ताच झाला." तिच्या घरात चाला दूध आत्ता कुटं चुलीवर तापत व्हतं, वास येत व्हता. रखमा मला म्हनली, "देवाला माजी बाटली चालती, कमळाबाईला माजा कप चालत न्हाय. देव भोळा हाय बगा." आन् हसत सुटली. मी हसले न्हाय. मी तरी कुटं त्या कपातनं प्याले व्हते?

मयताला हीच कमळाबाई पयली आली. पदर डोळ्याला लावून म्हनली, "लई गुनाची व्हती बाई." आन् मागं जाऊन आली, तर दोनी काखंत दोन डबं. म्हनली, "सुकून जातील, नेते." मानूस अजून घरात व्हतं. पन मी तिला काय बोलू? तिनं डबं नेलं, मी तर रखमाचा पगार खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. सिस्टरला म्हनलं, रखमाची बाटली द्या. ती म्हनली, "आजी, ती तवाच गेली कचऱ्यात, मागं." मागं भितीला लागून ढीग व्हता. रगताचा कापूस, पुवाच्या पट्ट्या, घोंगावनाऱ्या माशा, येक कुत्रं काय तरी वढत व्हतं. मी लुगडं खवून खाली बसले आन् हात घातला. जलमभर जी घान उंबऱ्याभाईर ठेवली, तिच्यात कोपरापातूर हात. झाडूवाली आली. "म्हातारे, काय हुडकतीस?"

"जावंची बाटली."

"हितं कोन नाव लिवून टाकतं व्हय?"

खरंच की. सगळ्या सारक्याच. येक न फुटलेली घेतली, तळाला घोटभर पानी व्हतं. रखमाची व्हती का आनि कुनाची... देवालाच ठावं.

घरी राखंनं घासली, उकळली. कमळाबाईनं सोडलेल्या येका जास्वंदाची काडी तिरकी कापली, कोळसा टाकला, चिंधी गुंडाळली. मोरीवर न्हाय ठेवली. आत ठेवली, देवाच्या फळीवर. सून म्हनली, "शी आत्या, कुनाची हाय ती!" मी म्हनलं, "आपलीच."

रखमा सांगायची, नखायेवडी मुळी आली की काडी काडून घ्यायची. बाटलीचं तोंड बारीक, उशीर केला तर निगत न्हाय. मी केला उशीर. रोज चिंधी सोडून बगत बसले. पांढऱ्या मुळ्या तळाला जाऊन गोल फिरल्यात, पार झुबका झालाय. आता वढली तर मुळ्या तुटनार. झाड पायजे तर बाटली फोडाय लागंल. सून वरवंटा घेऊन तयारच हाय.

फोडीन की. काडीला माती पायजे, ते मला बी कळतंय. आज खिळ्यावरचा तिचा कप काडला, त्याच कपानं पानी बदललं, आन् चिंधी परत गुंडाळली.