शेपूट वर, बोट खाली

माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि त्याचा मला माज होता. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीहून स्कूटरवर, शीळफाटा आणि कळव्यावरून, ठाण्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात कामाला जायचो. पाणी बाहेर कसं काढायचं यातच आमचा जन्म गेलेला. त्यामुळे आमच्या शेठने एका लिलावात पंधरा फुटी फायबरची स्पीडबोट उचलली आणि ती आठवड्याभरात अर्धी बुडाली, तेव्हा गळती शोधायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

बोट कोलशेतच्या खाडीत बांधलेली असायची. तिची राखण करायला शेठने गावातला एक म्हातारा कोळी ठेवला होता. बोट हाकणाऱ्याला तिकडे तांडेल म्हणतात, आणि हा तर नावाजलेला तांडेल. गावात कोणी नवी होडी बांधली की पहिल्यांदा पाण्यात ढकलताना सुकाणूवर याचाच हात लागे. आपल्या हाताखाली आजवर एकही होडी बुडाली नाही, हे तो कोणी न विचारताही सांगायचा.

ही बोट मात्र त्याच्या होड्यांसारखी नव्हती. इंजिन आत आणि पंखा फिरवणारा लोखंडी पाय मागच्या भिंतीबाहेर, अशी तिची रचना. कागदांवर त्या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हटलं होतं, मी लेग म्हणायचो आणि तांडेल शेपूट म्हणायचा. बटण दाबलं की शेपूट वर, बटण दाबलं की खाली. भिंतीतून लेगकडे जाणाऱ्या दांड्याभोवती पाणी आत येऊ नये म्हणून पेटीच्या भात्यासारखा वळ्यावळ्यांचा रबरी भाता बसवलेला होता.

ओहोटीला बोट चिखलात टेकायची. बोट आणली त्या दिवशी शेठने इंजिन बघायला मलाच पाठवलं होतं. पंखा चिखलात रुतून वाकू नये म्हणून मी तेव्हाच तांडेलाला हुकूम सोडला की बोट बांधली की लेग वर ठेवायचा, विसरायचं नाही. त्याला ते पटलं नाही.

"बांदलेली बोट गुमान बसाया पायजे," तो म्हणाला. "शेपूट वर करून बसली तं ती बसली कशी म्हनायची? तिला खोल पान्यान बांदू, शेपूट खालीच असूं दे."

मी त्याला पंख्याची किंमत सांगितली. त्या दिवसापासून तो इमानेइतबारे शेपूट वर करू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी बोटीत गुडघाभर पाणी होतं आणि शेठच्या गाद्या आतल्या आत तरंगत होत्या.

उपाय सुचवणारा पहिला माणूस तांडेलच. लाकडी होडीला फटी पडल्या की ती दोन दिवस पाण्यात तशीच ठेवतात, फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. तेव्हा हिलाही दोन दिवस पिऊ दे, असं त्याचं म्हणणं. फायबर फुगत नाही हे मी त्याला सांगितलंच, शिवाय कारखान्यात जाऊन सगळ्यांना हसवलंही. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा फार मजा आली होती.

मग मी शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. पाणी चाखलं, खारट लागलं, म्हणजे ते आकाशातून आलेलं नव्हतं. बोट बाहेर ओढून तळ इंच इंच पाहिला. जिथे ओरखडा दिसला तिथे एम-सील लावलं, जिथे दिसला नाही तिथेही लावलं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या संडासाची गळती सहा वर्षं शोधणारे एक काका होते, त्यांचाही सल्ला घेतला. त्यांच्या सांगण्यावरून तळाला कोरडी रांगोळी पसरली, म्हणजे पाणी कुठून ओघळलं ते कळेल. दुसऱ्या दिवशी बोटीत तितकंच पाणी होतं, फक्त गुलाबी.

डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच होती. मी असताना बोट गळत नसे. भरतीला मी बोटीत चढायचो, बटण दाबून लेग कामाच्या जागी म्हणजे खाली घ्यायचो, इंजिन सुरू करायचो आणि मागच्या कप्प्यात डोकं खुपसून बसायचो. मशीन तपासायचं तर आधी ते चालू स्थितीत आणायचं, हा आमच्या कारखान्याचा धडाच होता. तासभर बसलो तरी तळ खडखडीत कोरडा. मी घरी गेलो की सकाळी गुडघाभर पाणी.

मशीन खोटं बोलत नाही, असं मला शिकवलं होतं. म्हणजे उरला माणूस. तळाला पाणी काढून टाकायचं एक भोक असतं, त्याला पितळी बूच. म्हातारा संध्याकाळी ते बूच काढून पाणी सोडत असणार आणि परत लावायला विसरत असणार, असं मी ठरवून टाकलं. बायकोची नेलपॉलिश आणून बुचावर आणि त्याच्या कडेवर एक बारीक रेघ ओढली. बूच हललं तर रेघ तुटेल, असा बेत.

रेघ तुटली नाही. बोट मात्र भरली.

"बुचाला टिकली कोनी लावली?" तांडेलाने मला विचारलं. मी काहीतरी थातूरमातूर बोललो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाणी उपसायला लागला. त्याला कळलं होतं.

रेघ साबूत असूनही मी शेठला म्हणालो की राखणीत कुठेतरी ढिलाई आहे. हे वाक्य मीच बोललो, दुसऱ्या कोणी नाही. शेठला येत्या रविवारी पुण्याच्या व्याह्यांना बोटीतून फिरवायचं होतं. ते म्हणाले, "शनिवारी मी येतोय. बोटीत पाणी दिसलं तर म्हातारा घरी."

ही गोष्ट गावात पोहोचायला वेळ लागला नाही. बंदरावर जाळी शिवत बसणारी माणसं आता तांडेलाला पाहून विचारू लागली, "काय तांडेल, पोरगी आज कवरं पानी प्याली?" तो हसायचा नाही. एका घरची नवी होडी त्याच आठवड्यात पाण्यात उतरायची होती. तिच्या सुकाणूवर दुसऱ्याच कोणालातरी बोलावलं, हे त्याने मला सांगितलं नाही, चहावाल्याने सांगितलं.

शनिवारी मी सकाळीच पोहोचलो. ओहोटी होती, बोट चिखलात, शेपूट वर, आणि आत नेहमीसारखं पाणी. या वेळी पाणी बॅटरीपर्यंत चढलं होतं आणि बॅटरी मेली होती. आम्ही दोघांनी पाणी उपसलं, तळ फडक्याने पुसला आणि भरतीची वाट पाहत बसलो. तांडेलाने डब्यातून भाकरी आणि सुकट काढली, अर्धी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. दुपारी शेठ येणार होते आणि मी काय सांगणार होतो ते मला माहीत होतं.

पाणी चढलं, बोट चिखलावरून सुटली. मी सवयीने लेग खाली घ्यायला बटण दाबलं. काहीच झालं नाही. बॅटरी मेलेली. म्हटलं, राहू दे वर.

दहा मिनिटांत इंजिनामागे पाण्याचा आवाज येऊ लागला.

मी आडवा होऊन हात आत घातला, पण माझा दंड अडकला. तांडेलाने मला बाजूला सारलं आणि आपला वाळकुडा हात खांद्यापर्यंत आत घातला. "रबरान हाय," तो म्हणाला. "खालचे वलीन फाटलंय. माजं बोट जातंय आत."

लेग तेलाच्या दाबावर उचलून धरलेला असतो; त्या तेलाचा स्क्रू सैल करून आम्ही तो हळूहळू खाली सोडला. पाणी थांबलं. दोघांनी जोर लावून परत वर उचलला, पाणी सुरू. खाली, बंद. वर, सुरू. लेग खाली असला की भात्याची ती फाटकी घडी मिटून राहायची आणि वर उचलला की ताणून तोंड उघडायची. मी रोज तपासायला यायचो आणि तपासायच्या आधी स्वतःच्या बोटाने गळती बंद करायचो. घरी जाताना ती चालू ठेवायचं काम मी म्हाताऱ्याला नेमून दिलं होतं.

शेठ आले ते तावातच. मी घाईघाईने भाता दाखवला, फाटलेली घडी दाखवली, रबर जुनं झालंय म्हणालो. शेठचा राग निम्मा उतरला. मग ते तांडेलाकडे वळले.

"आणि हे वर करून ठेवायची अक्कल कोणाची?"

तांडेल खाडीकडे पाहत उभा राहिला. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तेवढ्यात माझ्या मनात दोन-तीन चांगल्या सबबी तयार झाल्या होत्या, हे मला नीट आठवतं.

"मी सांगितलेलं," शेवटी म्हणालो. "ते नको म्हणत होते. आणि ढिलाईचं मी बोललो तेही चूक होतं."

शेठ हसायला लागले. "अरे, डिप्लोमा कुठून केलायस तू?" असं म्हणाले, व्याह्यांना ठाण्याच्या तलावपाळीवरच फिरायला नेईन म्हणाले आणि गाडीत बसून गेले. तांडेलाला ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

तसला भाता इथे कुठे मिळणार? आमच्या मागच्या गल्लीत रबराच्या वस्तू बनवणारा एक कारागीर होता, त्याने जुन्यावरून साचा करून नवा ओतून दिला. तो बसवायला लेग अख्खा उतरवावा लागला. साबणाचं पाणी लावून भाता दांड्यावर सरकवला, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. आतली पट्टी तांडेलाने आवळली, तिथे माझा हात पोहोचतच नव्हता. मग दोन भरत्या लेग वर ठेवून पाहिला. थेंब नाही.

मी खुशीत येऊन म्हणालो, "आता बिनधास्त वर ठेवा."

तांडेलाने हात पुसले. "लिवून दे," तो म्हणाला.

"काय?"

"शेपूट वर ठेवाचा, असा तुजा हुकूम. सई पन कर." मी वहीचा कागद फाडून लिहिलं. तो वाट पाहत उभा होता. "खाली अजून लिव. बोट तांडेलाच्या हातानं बुडाली नवती, माज्या सांगन्यानं बुडाली."

मी लिहिलं आणि सही केली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी विचारलं, वाचून दाखवू का? "मना नको," तो म्हणाला आणि बंदराकडे चालायला लागला. मी मागोमाग. जाळी शिवत बसलेल्या माणसांसमोर तो थांबला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"वाच."

मी वाचलं. कोणी हसलं नाही. मागे बसलेल्या एकाला कमी ऐकू येत होतं, म्हणून त्याने मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मोठ्याने.